साथीची पेटी

ज्या पुस्तकाचं मी सध्या भाषांतर करते आहे, त्याच्या प्रस्तावनेत एका प्राध्यापक महाशयांनी तीन-तीनदा सांगितलं आहे की लेखिकेनं लग्न केलं नाही. तिनं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, हे एकदा. तिच्या भागातल्या कुठल्याही बाईनं वर्तमानपत्रात पाऊल टाकायच्या आधी तिनं तिथे संगीतावर लिहिलं, हेही एकदाच. लग्न मात्र तीनदा. ही प्रस्तावना मी भाषांतरातून गाळायची असं ठरवून टाकलं आहे. कुणी विचारलंच तर सांगेन की ती पानं वाळवीनं खाल्ली.

लेखिका स्पेनमधल्या एका डोंगराळ गावातली, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. मी दिल्लीतल्या मयूर विहारमधली, तिसऱ्या मजल्यावरची. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात स्पॅनिश कागदपत्रांची भाषांतरं करत मी नोकरी काढली. करार, निविदा, यंत्रांची माहितीपत्रकं. या भाषेत माणसं हसतात, रडतात, भांडतात हे मी जवळजवळ विसरूनच गेले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी जिथे स्पॅनिश शिकले त्या संस्थेच्या ग्रंथालयानं एकदा जुनी पुस्तकं काढून बाहेर मांडली, त्या ढिगात हे पुस्तक पडलं होतं. सहज मधूनच उघडलं, तर ती लिहीत होती की चर्चमध्ये थंडी इतकी असायची की ती लोकरीच्या हातमोज्यांची टोकं कापून, बोटांची पेरं उघडी ठेवून ऑर्गन वाजवायची.

मी तिथेच, त्या ढिगाशेजारच्या पायरीवर बसले. कारण असेच हातमोजे माझ्या कपाटात होते.

त्याची गोष्ट अशी. संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, 'काला अंब' या रणभूमीवर जातात. लढाईत पडलेल्यांची आठवण म्हणून स्मारकापाशी फुलं वाहतात, भाषणं होतात, तिळगूळ वाटतात. त्या दिवसांत तिकडे धुकं असं असतं की पुढच्या रांगेतल्या माणसाची शाल तेवढी दिसते. तिथे दर वर्षी माझी मैत्रीण एक अभंग गायची आणि साथीला पेटी मी. पहिल्या वर्षी माझी बोटं इतकी गारठली की एक पट्टी दाबायची तर दोन दाबल्या जायच्या. पुढच्या वर्षी मी हातमोज्यांची टोकं कात्रीनं उडवली. मैत्रीण म्हणाली, "शोभतेस. भाजीवाल्यासारखी." आणि मग धुक्यात तोंड करून तिनं असा सूर लावला की मागे चहा पिणाऱ्यांचे कप हातातच राहिले.

मैत्रीण आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहायची. शाळेत संगीत शिकवायची. आम्ही दोघीही नवऱ्यांच्या बदलीमागून दिल्लीत आलेल्या. दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणत आलो आणि राहिलो ते राहिलोच. सोसायटीच्या पहिल्या गणपतीत तिनं गायची तयारी केली आणि पेटी कोण वाजवणार, असा प्रश्न आला. माहेरी मी शिकले होते, पण ते सांगायची मला लाज वाटत होती. नवऱ्यानं परस्पर सांगून टाकलं. त्या दिवसापासून मी तिच्या डाव्या बाजूला बसायला लागले, ती अनेक वर्षं तिथेच बसले. सोसायटीतली मुलं तिला 'गानेवाली आंटी' म्हणायची आणि मला 'बाजेवाली आंटी'.

साथ करणं म्हणजे काय, हे न वाजवणाऱ्याला सांगावं लागतं. गाणारी गाते तेव्हा पेटीनं तिच्या मागून जायचं, अर्धं पाऊल मागे, आवाज दाबून. ती श्वास घ्यायला थांबली की मोकळी जागा पेटीनं भरायची. ती पुन्हा आली की निमूट मागे सरायचं. आपली हुशारी दाखवायची ती तिच्या श्वासापुरती. मैत्रीण गाताना उजवा हात श्रोत्यांसाठी ठेवायची आणि डावा माझ्यासाठी. डावा तळवा खाली दाबला की पेटी कमी कर. तळवा वर उचलला की वाढव, असंही एक चिन्ह असतं म्हणे. मला ते तिनं कधीच दाखवलं नाही. कार्यक्रम झाल्यावर मी कुरकुरले की म्हणायची, "अगं, लोक मला ऐकायला आलेत की तुला?"

मी म्हणायचे, "जेवायला आलेत."

यावरून आम्ही भांडायचो आणि भांडत भांडत तिच्याकडे जाऊन वरणभात खायचो.

पुस्तकातल्या बाईचंही असंच होतं, हे मला पुढे वाचताना कळत गेलं. तिचे वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांची बोटं आखडली. प्रार्थनेच्या वेळी बाईनं ऑर्गनला बसायचं नाही, अशी तिथली रीत. मग लाकडी जाळीच्या आड, वडिलांचा कोट अंगावर चढवून, ही मुलगी वाजवायला लागली. वडील शेजारी बसून राहायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. बाहेर पडताना लोक वडिलांना म्हणायचे, आज तुमचा हात छान चालला. ते मान तुकवायचे. ही कोट काढून मागच्या दारानं घरी.

धाकटी बहीण गायची. बहिणीचा आवाज गावाबाहेर पोहोचला, शहरातून बोलावणी यायला लागली, आणि ही पियानोच्या साथीला बरोबर. बहिणीला फुलं मिळायची, हिला बहिणीचा डगला धरायला मिळायचा. मुक्कामाच्या खोलीवर ही जे ऐकलं त्याबद्दल लिहून ठेवायची. ते लिहिणं पुरुषाच्या नावानं शहरातल्या वर्तमानपत्रात छापून यायला लागलं. संपादकाला हा नवा लेखक इतका आवडला की त्यानं त्याला जेवायला बोलावलं. ही गेली. संपादकाच्या बायकोनं दार उघडलं आणि हसत सुटली. संपादक मात्र हसला नाही. पुढे कितीतरी दिवस त्यानं तिचं काही छापलं नाही. पण वाचकांनी विचारणा सुरू केली तेव्हा तिनं अट घातली, छापायचं तर माझ्या नावानं. तिचं नाव छापून आलं तो अंक गावच्या पाद्र्यानं वडिलांकडे घरपोच आणून दिला, घडी न मोडता.

हे सगळं मी मराठीत केलं ते मैत्रिणीला वाचून दाखवत. दुपारी ती शेंगा सोलत बसायची आणि मी वाचायचे. स्पॅनिश चालीरीतींवर तिची टीका चालू. "हिची ती बहीण मला बिल्कुल आवडत नाही," ती म्हणायची. मी सांगायचे, तीच तर तू आहेस. मग ती शेंग फेकून मारायची.

बहीण लग्न करून समुद्रापलीकडे निघून जाते, त्या प्रकरणापर्यंत मी आले आणि मैत्रिणीला पक्षाघाताचा झटका आला. शाळेतून निवृत्त होऊन तिला दोनच वर्षं झाली होती. सकाळी चहाच्या वेळी ती खाली पडली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तिचा मुलगा मानेसरला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. इस्पितळातून तो तिला थेट गुडगावच्या पुढच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. समोरच्या इमारतीत, नवऱ्यामागे ती एकटीच राहायची त्या घराला कुलूप लागलं. बाल्कनीत तिची तुळस होती, ती मी आणायच्या आत वाळून गेली.

मी पेटीवर चादर टाकली. भाषांतराच्या फायलीला हात लावला नाही.

लोक एकटेपणाबद्दल बोलतात तेव्हा रात्रीबद्दल बोलतात. मला रात्रीचा काही त्रास नव्हता, गोळी घेतली की झोप यायची. मला सकाळी अकराचा त्रास होता. झाडू-पोछा करून बाई गेलेली, वर्तमानपत्र वाचून झालेलं, स्वयंपाक केलाच तर एकटीचा. आधी याच वेळेला तिचा फोन यायचा, 'काय करतेयस' एवढंच विचारणारा. आता तो येत नव्हता. गार्डशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, बँकेच्या माणसाशी हिंदी आणि इंग्रजी. आठवडा आठवडा तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही. एकदा कुकरची शिट्टी होईना तेव्हा मी त्याला चांगलं खडसावलं, आणि आपण मोठ्यानं मराठी बोललो हे लक्षात येऊन मला ओट्याशी उभ्या उभ्या रडू आलं.

मला तिचा रागही आला होता. आजारी माणसाचा राग येतो हे कुणी कबूल करत नाही, पण येतो. इतकी वर्षं मला मागे बसवलं, आणि आता मी मागे बसू तरी कुणाच्या? व्हिडिओ कॉलवर तिची सून फोन धरायची. मैत्रिणीचा चेहरा एका बाजूला उतरलेला, डोळे मात्र तेच. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायचे. ती 'हं' म्हणायची. तिच्या त्या एवढ्या मोठ्या आवाजातलं शिल्लक राहिलं होतं ते एवढंच.

अशात इथल्या मराठी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. महिला दिनानिमित्त कर्तबगार स्त्रियांवर कार्यक्रम होता. "ताई, तुमच्या त्या स्पॅनिश बाईंवर बोला ना. सबकुछ एकदम शॉर्ट हं, यंग क्राउड येतोय, गुडगाव-नोएडाचे आयटीवाले. आणि शेवटी पेटीवर भैरवी वाजवा. आपल्या बाई गायच्या ती."

आपल्या बाई म्हणजे मैत्रीण. आमच्याकडे गाण्याचा कार्यक्रम भैरवीनं संपतो. भैरवी झाली की नंतर कुणी काही गात नाही, मंडळी उठतात. तिची भैरवी दिल्लीतल्या जुन्या मराठी माणसांना पाठ होती. मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हटलं असतं तर पेटीवरची चादर कायमची तिथेच राहिली असती, हेही मला कळत होतं. मी हो म्हटलं. सराव केला नाही. जो अभंग मी शेकडो वेळा वाजवला त्याचा सराव काय करायचा, असं मला वाटलं.

बोलणं चांगलं झालं. वडिलांचा कोट घालून वाजवणारी मुलगी लोकांना आवडली. संपादकाच्या बायकोच्या हसण्याला लोक हसले. बहिणीच्या जहाजापाशी येऊन मी थांबले आणि पेटी पुढे ओढली.

मी वाजवायला लागले. सुरुवातीचे सूर भरले, मुखड्याशी आले आणि आवाज कमी केला. मागून मागून गेले. जिथे ती श्वास घ्यायची तिथे भाता जोरात ओढला, छान भरलं, आणि पुन्हा मागे सरले. डोळे मिटले होते. माझ्या कानात ती गात होती, अगदी स्वच्छ, तिच्या सगळ्या हरकतींसकट. इतक्या महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. अभंग संपला, मी डोळे उघडले. टाळ्या झाल्या, पण कशा, तर लोक एकमेकांकडे बघून वाजवतात तशा.

नंतर चहाच्या टेबलापाशी पुण्याचा एक तरुण माझ्याजवळ आला. भला मुलगा होता. काळजीनं म्हणाला, "काकू, ट्रॅक मस्त होता एकदम. पण गायला कोणी आलंच नाही का? काही प्रॉब्लेम झाला का?"

मला आधी काही समजलंच नाही. मग हातातला कप खाली ठेवावा लागला. मी साथ वाजवली होती. फक्त साथ. जे गाणं ऐकून मी सुखावले ते त्या सभागृहात कुणीच ऐकलं नव्हतं. लोकांनी ऐकली ती गाण्याची किनार. जिथे चाल असायला हवी तिथे कुजबुज, आणि जिथे काही नसतं तिथे धो धो पेटी. गाणारी नसताना वाजवायचं कसं, हे मला येतच नव्हतं. इतकी वर्षं वाजवून मला एक अख्खं गाणं वाजवता येत नव्हतं.

मेट्रोत बायकांच्या डब्यात बसून घरी येताना मी मंडळावर चिडले, त्या मुलावर चिडले, मैत्रिणीवर तर फारच चिडले. यमुना ओलांडताना नेहमीप्रमाणे डब्यातल्या बायकांनी नाकाला ओढणी लावली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, त्या वासानं येतंच.

घरी येऊन मी पुस्तक काढलं. पुढचं प्रकरण मी पूर्वी एकदा वाचलं होतं, पण झटक्यानंतर त्याच्याकडे फिरकले नव्हते. आता भाषांतरासाठी म्हणून नाही, तर ही बाई पुढे काय करते ते बघायला वाचलं. बहीण गेल्यावर तिनं पियानोला कुलूप लावलं. बहिणीला निरोप द्यायला ती बंदरावर गेलीच नाही. डोकं दुखतं म्हणून घरात बसून राहिली. खरं तर तिला राग आला होता, असं तिनं सरळ लिहिलं आहे, आणि हा राग आपल्याला आयुष्यभर पुरला, असंही. बहिणीनं नंतर तिकडे बोलावलं, इकडे मोठी नाट्यगृहं आहेत, साथीला तूच हवीस म्हणाली. ही गेली नाही. त्यानंतर दोघींची भेट झाली नाही.

तिनं मग जे केलं ते असं. बहीण गायची ती गाणी ती पियानोवर एका हातानं वाजवायला बसली. उजव्या हातानं नुसती चाल, लहान मुलीला पहिल्या दिवशी शिकवतात तशी. पहिले काही महिने हात आपोआप मागे सरायचा. शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. त्यातूनच पुढे ती स्वतःच्या रचना करायला लागली. त्या तिनं गावच्याच सभागृहात, स्वतःच्या झग्यात, लोकांकडे तोंड करून वाजवल्या. मुलींसाठी शाळा काढली ती त्यानंतर. प्रस्तावनेत शाळा आहे. एका हातानं वाजवलेले महिने नाहीत.

मीही बसले, भैरवी नाही, भूप रागातला तिचा एक अभंग घेऊन. मुखडा वाजवायचा तर तो आधी तोंडानं म्हणावा लागतो, आणि माझा आवाज म्हणजे घासलेली कढई. तरी म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "आपकी तबियत ठीक है ना?" मी सांगितलं, ठीक आहे, गाते आहे. त्या घाईनं पहिल्या मजल्यावरच उतरल्या. दर सकाळी अकराला मी बसत गेले. हात मागे सरायचा, मी त्याला पुढे ढकलायचे. चाल हाताला लागायला उन्हाळा लागला.

मग मैत्रिणीच्या मुलाचा फोन आला. त्याची पुण्याकडच्या कारखान्यात बदली झाली होती. सामान बांधायला घेतलं होतं. "मावशी, आईला भेटायला येशील ना? पुढच्या आठवड्यात निघतोय आम्ही."

फोन ठेवल्यावर मला अगदी खरोखरच डोकं दुखायला लागलं. उकाडा किती आहे, मेट्रो बदलायची, पुढे ऑटो, आता या वयात, वगैरे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग त्या बंदरावर न गेलेल्या बाईची आठवण झाली आणि मी माळ्यावरून भाजीची चाकांची ट्रॉली काढली. पेटी तीत बरोबर बसली.

मेट्रोच्या दारात सामान तपासायच्या यंत्रातून ट्रॉली गेली. पडद्यावर ओळीनं पितळी पट्ट्या दिसल्या असाव्यात. सुरक्षारक्षक मुलीनं मला बाजूला घेतलं. "माताजी, इसमें क्या है?"

"बाजा है, बेटा."

"बजता है?"

"बजानेवाले पे है," मी म्हटलं. ती हसली आणि तिनं जाऊ दिलं.

शेवटच्या स्टेशनापासून ऑटो केला. कारखान्यांच्या बसेस पाळीवरच्या माणसांना घेऊन चालल्या होत्या, खिडक्यांना टेकलेली झोपाळू डोकी दिसत होती. फ्लॅट बाराव्या मजल्यावर. दारातच खोकी रचलेली. सून दिल्लीची पंजाबी मुलगी, मनानं फार चांगली. म्हणाली, "आंटीजी, मम्मीजी सुबह से दरवाजा ही देख रही हैं."

मैत्रीण खिडकीपाशी खुर्चीत होती. केस कापले होते. उजवा हात मांडीवर, कुणी ठेवून दिल्यासारखा. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "केस बरे दिसतात गं." ती 'हं' म्हणाली. त्या 'हं'मध्ये 'खोटं बोलू नकोस' होतं, तेवढं मला कळतं.

मी ट्रॉलीतून पेटी काढली, जमिनीवर ठेवली आणि खाली बसले. तिच्या डाव्या बाजूला. दुसरीकडे बसायचं मला सुचलंही नाही.

भूप लावला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ती म्हणायची तो अभंग. उन्हाळाभर घासलेली चाल मी मुखड्यापासून उघड वाजवली, मागे न सरता, भाता पूर्ण ओढून. चांगली वाजली. मला माझा अभिमान वाटला. मी वर बघितलं तर मैत्रिणीच्या कपाळाला आठी होती. डोळे मिटलेले. मग तिचा डावा हात खुर्चीच्या हातावरून उचलला गेला, हवेत आला आणि तळवा खाली दाबला गेला.

पेटी कमी कर.

मी केली. इतक्या वर्षांची सवय, बोटांनीच केली. आणि मग मी पाहिलं की तिचे ओठ हलताहेत. आवाज नव्हता, कसलाच नव्हता. पण शब्द होते, आपापल्या जागी. सम आली तेव्हा मान किंचित झुकली. चरणाच्या मध्यावर तिनं श्वास घेतला, तो मात्र ऐकू आला, आणि ती मोकळी जागा मी भरली. ती पुन्हा आली. मी मागे सरले. महिला दिनाला मी जी नुसती साथ वाजवून हसं करून घेतलं होतं तशीच साथ मी वाजवत होते, आणि या वेळी त्यात काही कमी नव्हतं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे.

दुसऱ्या चरणानंतर तिचा हात खाली आला. ओठ थांबले. ती दमली होती. शेवटचा चरण उरला होता. माझाही हात थांबायला आला, गाणारी थांबली की साथवाला थांबतो. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी वाट पाहिली, हात उठला नाही. मग शेवटचा चरण मी एकटीनं वाजवला, मोठ्यानं, मला वाटलं तसा. मध्ये एक जागा मी तिच्यापेक्षा वेगळी घेतली. तिनं भुवई उचलली, पण तळवा दाबला नाही.

सून म्हणाली, "आंटीजी, वो लास्टवाला भी सुना दो ना. मम्मीजी हर बार लास्ट में गाती थीं, वो."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी भाता मिटवला आणि पेटीची कडी लावली.

"भैरवी आता नको," मी तिला म्हटलं. "तू बरी झालीस की मी पुण्याला येते. तेव्हा तू म्हण, मी साथीला बसते." हे मी जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं, आणि आवाज फाटला. ती बरी होणार नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तिनं डावा हात उचलला आणि माझ्याकडे बघत तळवा खाली दाबला.